नेवाच्या बाथरूमखालची टिकटिक

मी नेवाची सफरचंदाच्या 'पाय'ची, म्हणजे गोड पुरणाच्या पावाची, बशी परत द्यायला गेले होते. मेसरांचं मागचं दार कधीच लावलेलं नसायचं, म्हणून हाक न मारताच स्वयंपाकघरात शिरले. चुलीवर घेवडा रटरटत होता आणि माणूस कुठेच नव्हतं. बाथरूममधून मात्र आवाज येत होता.

"थांब हं. आता सोडते गरम पाणी. कान दे नीट."

डोकावून बघते तर नेवा, सत्तरीला टेकलेली, चर्चला जायच्या निळ्या झग्यात टबाशेजारी गुडघ्यांवर बसलेली. बिनतारेचा फोन तिने जमिनीवर पालथा ठेवला होता आणि त्यावर हात ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

टबात पाणी पडत होतं. थोड्या वेळाने जमिनीखालून बारीक आवाज यायला लागला. टिक. टिक. मग जरा थांबून, टिक. खाली बसून कुणीतरी नखाने लाकूड वाजवतंय असं वाटावं.

नेवाने फोन उचलला. "आलं का ऐकू? आलं ना? बघ! मी काय म्हणत होते? हे काही बरं लक्षण नाही... हो गं, तो म्हणतो त्याला काही ऐकू येत नाही... छे, कान चांगले शाबूत आहेत. काल मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं, तर कोठारातून धावत आला."

फोन ठेवून ती माझ्या खांद्याला धरून उठली. चेहरा कसा लखलखत होता. "रोंडा होती. तिलासुद्धा ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?" पुढच्या ओसरीवरून तिच्या नवऱ्याचा, फर्मन मेसरांचा आवाज.

"टिकटिक!"

"घर खाली बसतंय. जुनी घरं आवाज करतात."

"चाळीस वर्षं बसतंच आहे का रे हे? एव्हाना झोपलं असेल."

ओसरीवरची खुर्ची करकरली आणि संभाषण तिथेच संपलं. ते कायम तिथेच संपायचं.

आमच्या खोऱ्यात घरं जमिनीवर बसत नाहीत. कॅरोलायनाच्या या डोंगरात सपाट जागा मिळायची मारामार, म्हणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर घर उभं करायचं. खाली पोकळी राहते. कुठे माणूस रांगू शकेल एवढी, कुठे फक्त पोटावर सरपटता येईल एवढी. पाण्याचे पाईप त्या पोकळीतून जातात, जमिनीच्या तुळयांना खालून धरून. बाजूच्या भिंतीत एक बुटकं दार असतं, त्यातून आत जायचं. फर्मन मेसरांनी आयुष्याची बरीच वर्षं असल्या दारांतून आत-बाहेर करण्यात घालवली. खोऱ्यातल्या निम्म्या घरांना पाणी त्यांनी दिलं. मी राहते त्या घरालाही.

ते तांब्याचे कारागीर. तांबंच म्हणायचे, पाईप म्हणायचेच नाहीत. "आज हेन्सलीकडे तांबं टाकलं." दोरी ताणून, खडूने रेघ मारून ते नळी न्यायचे, आणि वळण म्हणजे अगदी काटकोन. डाग दिल्यावर ओल्या फडक्याने सांधा असा पुसायचे की कथलाची एक गोळीसुद्धा लोंबत राहायची नाही. अंधारात, कोळ्यांच्या राज्यात, जिथे कुणी बघणार नाही तिथे ही नजाकत. पण आमच्याकडे लोक बघायचे. फर्मनचं काम झालं की घरमालक रविवारी प्रार्थनेनंतर पाहुण्यांना टॉर्च देऊन बुटक्या दाराशी वाकवायचा. चांगल्या कपड्यांतली माणसं ढुंगणं वर करून घराखाली डोकावताहेत आणि आतून "ओहो!" येतंय, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिलंय. चर्चच्या ऑर्गनच्या नळ्या आडव्या करून टांगल्यासारखं दिसायचं ते.

रोंडा त्यांची एकुलती एक मुलगी. शाळा संपल्यावर हॉटेलात, दुकानात काम करून बघितलं, आणि एक दिवस बापाच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. "मी येते," म्हणाली. फर्मन म्हणाले, "खाली साप असतात." ती म्हणाली, "वरही असतात." झालं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं दोघं बरोबर. ती बारीक अंगाची, त्यामुळे खाली ती, वर ते. दोघांची एक ठोक्यांची भाषा होती. वरून बुटाच्या टाचेने, खालून पान्याच्या मुठीने. एक ठोका म्हणजे पाणी बंद. दोन म्हणजे सोडा. तीन म्हणजे बाहेर या, जेवण आलंय. एवढ्यावर त्यांचे दिवसचे दिवस निघायचे. माझ्या स्वयंपाकघरात काम चालू असताना मी हे ऐकलंय. फर्मन तीनदा टाच आपटायचे आणि खालून वैतागलेले चार ठोके यायचे. चार ठोक्यांना अर्थ नव्हता. चार म्हणजे रोंडा चिडली आहे.

मग प्लास्टिक आलं. लाल पाईप गरम पाण्याला, निळा थंडला. वेटोळं खांद्यावर टाकून माणूस आत शिरू शकेल असा, वाकवला की वाकणारा. रोंडाला तो पहिल्या दिवसापासून आवडला. थंडीत पाणी गोठलं तर तांबं फुटतं, हा फुगतो आणि परत जागेवर येतो. सांधे कमी, म्हणजे गळती कमी. पण त्याचं एक आहे: गरम पाणी आलं की तो लांबतो, गेलं की आखडतो. म्हणून त्याला सैल टांगायचं. दोन-अडीच फुटांवर प्लास्टिकची एक क्लिप, ज्यातून तो मागेपुढे सरकू शकेल. वळवायचा तर जेवणाच्या ताटाएवढ्या गोलाईने, आणि वळणाला पाठीमागून आधार देऊन. जोर करून काटकोनात दाबलात तर त्याला घडी पडते, आणि घडी पडलेला पाईप लवकर नाहीतर उशिरा दगा देतो.

"हा पाईप आहे की शेवई?" फर्मन म्हणायचे.

"शेवई फुटत नाही, बाबा. तुमचं तांबं दर जानेवारीत फुटतं."

"माझं नाही फुटत."

आणि त्याच जानेवारीत त्यांच्या स्वतःच्या घरातलं फुटलं. असला कडाका पडला होता की गोठलेल्या ओढ्यावरून कुत्री चालत गेली. नेवाच्या बाथरूमखाली पाण्याचा बर्फ, बर्फातून चिरलेलं तांबं. फर्मन दोन दिवस नुसते बघत बसले. नेवा शेजारून बादल्या आणत होती. शेवटी ती म्हणाली, "रोंडा, तुझी शेवई टाक बाई. मला आंघोळ करायची आहे."

रोंडाने टाकली. फर्मन त्या दिवशी भावाकडे डुक्कर कापायला गेले होते. आले ते थेट टॉर्च घेऊन घराखाली. वर नेवा टबात बसून गाणी म्हणत होती, तीन-चार दिवसांनंतरची पहिली गरम आंघोळ. फर्मननी बघितलं: तुळयांखालून लाल-निळे पाईप सैल, झोकदार, प्रत्येक कोपऱ्यावर मोठी गोलाई घेऊन चाललेले. त्यांना ते बघवलं नाही. स्वतःच्या घराखाली असलं काम! लोक डोकावणार आणि म्हणणार, फर्मन मेसरचा हात गेला.

दुसऱ्या दिवशी रोंडा घरी नसताना त्यांनी ते सगळं उतरवलं आणि आपल्या पद्धतीने टाकलं. दोरी, खडू, रेघ. लोखंडी पट्ट्यांनी तुळयांना आवळून. कोपरा काटकोनात. तांब्यासारखं दिसायला लागलं, फक्त रंगीत.

एवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. बापलेक भांडले असते, चार ठोके पडले असते. पण फर्मननी रोंडाने वळवलेला एक तुकडा खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात नेला. सकाळी तिथे शेगडीभोवती सगळे कारागीर कॉफी प्यायला जमतात. तुकडा काउंटरवर ठेवून म्हणाले, "माझी पोरगी आता प्लंबिंग करत नाही. विणकाम करते. टोपरी हवी असतील तर सांगा." सगळे हसले. कुणीतरी तो तुकडा डोक्यावर धरून बायकी आवाजात गाणं म्हटलं. आणि दारात रोंडा उभी होती, क्लिपांची पिशवी घ्यायला आलेली.

ती आत आली. क्लिपा घेतल्या, पैसे दिले, बाहेर गेली. डोंगराच्या पलीकडे, टेनेसीत, एका मोठ्या कंपनीत लागली. बरं चाललं तिचं. पुढे स्वतःची चार माणसं झाली हाताखाली. पण खोऱ्यात तिचा ट्रक पुन्हा दिसला नाही. नाताळला नेवाच बसने तिच्याकडे जायची. फर्मन म्हणायचे, "कोंबड्यांना कोण बघणार?"

आणि मग बाथरूमखाली टिकटिक सुरू झाली.

पट्ट्यांत आवळलेला लाल पाईप गरम पाण्याने लांबायला बघायचा, जागा मिळायची नाही, मग अडकत-निसटत एक एक कणाने सरकायचा. तोच तो आवाज. प्लंबरला हे सांगावं लागत नाही. नेवालाही कळलं होतं, ती काही उगीच त्या घरात चाळीस वर्षं राहिली नव्हती. तिला त्या टिकटिकीचा त्रास मुळीच नव्हता. मला एकदा ओसरीवर शेंगा सोलताना म्हणाली, "मला तर सोबत वाटते त्याची. पण तो एकदा 'हो, येतं ऐकू' म्हणाला ना, की पुढचं मी बघते. मग मी म्हणेन, रोंडानेच दुरुस्त करायला हवं. मग त्याला फोन करावा लागेल."

"मग तुम्हीच सांगा ना तिला यायला."

"ती येते म्हणते. पण त्याने बोलावलं तर." शेंग तिच्या बोटात मोडली. "दोघांची मान एकाच लाकडाची. माझ्याकडून काही गेलं नाही हो तिच्यात, नाक सोडून."

म्हणून ती रोज प्रयत्न करायची. जेवताना, "फर्मन, आज फार वाजत होतं." झोपायला जाताना, "फर्मन, ऐक." पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोरसुद्धा. पाद्री बिचारा टबात पाणी सोडून कान लावून बसला आणि म्हणाला, "आहे बुवा काहीतरी, ब्रदर मेसर." फर्मन म्हणाले, "तुमच्या चर्चचं छप्पर आधी बघा."

अशी वर्षं गेली. मग ऑक्टोबरात, सफरचंदं वाळत घालताना नेवा अंगणातल्या खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. मांडीवर सुरी आणि अर्धं सोललेलं सफरचंद.

अंत्यविधीला रोंडा आली. खड्ड्याच्या त्या बाजूला ती, या बाजूला फर्मन. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. फर्मन हातात रिकामी ताटली घेऊन तिच्यापाशी गेले. आम्ही सगळ्या बायका मान खाली घालून वाढत राहिलो, पण कान तिकडेच.

"रस्ता नीट होता ना?" ते म्हणाले.

"हो."

"घाटात काम चाललंय म्हणे."

"थोडं."

आणि ते तिथेच उभे राहिले, ताटली घेऊन. रोंडाने वाट बघितली. खरंच बघितली, मी शपथेवर सांगते. मग तिने कोट घातला.

फेब्रुवारीत मी त्यांना सूप द्यायला गेले तर घराच्या बाजूला, बुटक्या दारापाशी, गवताचा हिरवागार पट्टा. चहूकडे खोरं करडं, आणि तिथे जांभळी रानफुलंसुद्धा उमललेली. मांजर पसरून पडलेलं.

"मिस्टर फर्मन, इथे वसंत आलाय वाटतं."

"नेवाने बी टाकलं असेल."

"बी नाही हो. खाली ऊब आहे. गरम पाणी झिरपतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. खुब्याच्या दुखण्याने आता ते दारातून आत जाऊ शकत नव्हते. विजारीचे गुडघे चिखलाचे होते, म्हणजे प्रयत्न करून झाला होता.

"शहरातून कुणाला बोलावू?"

"परका माणूस नेवाच्या घराखाली?" मग मांजराला बुटाने हलकेच बाजूला सारत, "नंबर आहे का तुझ्याकडे?"

कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लावून दिला आणि भांडी घासायच्या निमित्ताने तिथेच राहिले.

"रोंडा. तुझ्या आईच्या बाथरूमखाली पाणी आहे."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "काम कुठल्या प्लंबरने केलंय?"

फर्मन खिडकीबाहेर बघत होते. "मी."

"शनिवारी येते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ट्रक आला. रोंडाचे केस आता पांढरट झाले होते, नाक नेवाचंच. आत येऊन तिने बाथरूमच्या जमिनीवर बुटाने दाबून बघितलं. टबाशेजारची फळी स्पंजासारखी दबली. तिने ती उचकटून काढली, कुजलेलं लाकूड हातात आलं, आणि जमिनीला सुपाएवढं भोक पडलं. मग ती बाहेरून बुटक्या दाराने खाली गेली. फर्मन स्वयंपाकघरातली खुर्ची आणून भोकाशी बसले. टॉर्च धरायला.

"डोळ्यात नको, बाबा. पाईपवर."

"दिसतंय का?"

"दिसतंय. सगळं दिसतंय." खाली सरपटण्याचा आवाज. "पट्टीने खाल्लाय. प्रत्येक पट्टीच्या धारेवर घासलाय, आणि इथे आरपार. एवढा कशाला आवळलात? पळून जाणार होता का?"

फर्मननी माझ्याकडे पाहिलं. मी मोरीकडे.

"आणि हा कोपरा! काय केलंय हे? घडी पडलीय, पांढरी पडलीय. एवढी वर्षं टिकला हेच आश्चर्य. मी कुणाच्या घरी असं बघितलं असतं ना, तर विचारलं असतं, कुठल्या गाढवा—" ती थांबली.

"बोल की."

"नाही. झालं."

थोडा वेळ फक्त पाना आणि धातूचे आवाज. पट्ट्या सुटून मातीवर पडत होत्या. मग फर्मन भोकाकडे वाकले. "तुझ्या पद्धतीने टाक."

"काय?"

"म्हटलं, तुझ्या पद्धतीने टाक."

"तीच एक पद्धत आहे, बाबा."

मी हसू दाबलं. फर्मनही जवळजवळ हसले असते. मग खालून, काम करताकरताच बोलल्यासारखा तिचा आवाज आला. "ही टबाखालची लाईन. हीच ना टिकटिक करायची ती?"

"हं."

"आई फोन जमिनीवर ठेवून ऐकवायची मला. दर रविवारी."

"माहीत आहे."

"मला कधीच ऐकू आली नाही."

टॉर्चचा उजेड हलला. "काय?"

"फोनवर काय कप्पाळ ऐकू येणार? नुसती खरखर यायची. मी म्हणायचे, आलं आई, आलं ऐकू, बाप रे, केवढ्याने वाजतंय. तिला बरं वाटायचं." खाली पाना खणखणला. "उजेड धरा नीट."

फर्मननी उजेड नीट धरला. त्यांचे ओठ हलले. "मला यायची," ते म्हणाले. पण इतक्या हळू की मी तीन हातांवर होते म्हणून मला कळलं.

"काय म्हणालात? मोठ्याने बोला, खाली काही पोचत नाही."

"काही नाही. काम कर."

बराच वेळ गेला. मी चुलीवर घेवडा ठेवला, मक्याचा पाव भट्टीत सारला. बाथरूममधून मधूनमधून तुटक बोलणं येत होतं. क्लिपा द्या, दिल्या. पाईप कापायची कात्री द्या, दिली. नवा लाल पाईप भोकातून आत सरकत होता, आणि फर्मन वरून तो हळूहळू सोडत होते, ताण येऊ न देता. त्यांचे हात ते काम बरोबर करत होते. हातांना कळत होतं म्हणायचं.

मग एकदम ते म्हणाले, "रोंडा, ती टबाखालची एक पट्टी राहू दे."

खाली पाईपची सरसर थांबली. मग चार ठोके. जमीन हादरली.

"अजून? अजून तुमचं तेच? आई गेली, घर कुजलं, तरी तुम्हाला ते सरळ पाहिजे? कोण येणार आहे आता बघायला? कुणाला दाखवायचंय?"

"तसं नाही—"

"मग कसं? मी दीड तास मांजराच्या मुतात लोळतेय आणि तुम्ही वर बसून—"

फर्मन खुर्चीवरून उठले. उठले म्हणजे खुर्ची धरून, टब धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा. मी पुढे झाले तर हातानेच थांबवलं. नेवा बसायची त्याच जागी ते गुडघ्यांवर बसले आणि भोकात तोंड घातलं.

"मला यायची ऐकू, रोंडा. पहिल्या दिवसापासून. रोज यायची."

त्यांनी टॉर्च बाजूला ठेवला.

"ती म्हणायची, ऐक. मी म्हणायचो, काही नाही. आणि मला येत असायची ऐकू."

"मग सांगितलं का नाहीत तिला?" तिचा आवाज आता अगदी जवळून आला. भोकाच्या खालीच असावी.

"सांगितलं असतं तर तुला बोलवावं लागलं असतं."

"मग?"

"मग तू बरोबर ठरली असतीस."

एखादं माणूस उताणं पडून रडत असेल तर वर काय ऐकू येईल, मला माहीत नाही. मला काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन. दर रविवारी म्हटलं."

"हे मला नाही सांगितलं तिने."

"सांगितलं असतं तर तुम्ही मुळीच बोलावलं नसतं."

"नसतंच," फर्मन म्हणाले.

भट्टीतल्या पावाचा वास यायला लागला होता.

"म्हणून म्हटलं, ती एक पट्टी राहू दे," फर्मन म्हणाले. "वाजतं ते तिथे. आणखी काही नको."

"बाबा." आता ती अगदी हळू बोलली. "तो तुकडा मी सगळ्यात आधी कापला. बाहेर अंगणात पडलाय."

मग खालून दोन ठोके आले. सोडा पाणी. फर्मन उठू शकले नाहीत, म्हणून मी गेले. मुख्य नळ उघडला, मग टबाचा गरम पाण्याचा. आधी हवा खाकरली, मग धार लागली. वाफ आली. आम्ही तिघं थांबलो, दोघं वर, एक खाली.

"येतंय का काही?" खालून.

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. चांगलं काम झालंय," फर्मन म्हणाले. असं ते तिला याआधी कधी म्हणाले होते का, मला माहीत नाही. आज म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी त्यांना धरून उभं केलं. उभं राहिल्यावर त्यांनी टाच तीनदा आपटली.

रोंडा ओसरीच्या नळावर तोंड धुऊन आली. डोळे लाल होते, पण घराखालून वर येणाऱ्या सगळ्यांचेच असतात. तिने पेल्यात मक्याचा पाव कुस्करला, वर ताक ओतलं आणि चमच्याने खाल्लं, नेवा खायची तसं, पेला वाकडा धरून. फर्मन बघत राहिले. घेवड्याला मीठ कमी आहे असं दोघंही एकदमच म्हणाले.

निघताना ती ट्रकपाशी हात पुसत म्हणाली, "एक क्लिप कमी पडली. कोपऱ्यावर. तात्पुरता दोरीने बांधलाय."

ट्रकच्या मागच्या फळीवर क्लिपांची पिशवी होती. टम्म भरलेली. मी बघितली. फर्मननीही बघितली.

"दोरी फार दिवस टिकायची नाही," ते म्हणाले.

"नाही ना. पुढच्या शनिवारी येते."

"ये."

तिने पिशवीवर फडकं टाकलं आणि गेली.

मी भांडी आवरत होते. बाथरूममध्ये पुन्हा गरम पाण्याची धार लागली. बराच वेळ लागून राहिली, टब भरून वर येईल इतका वेळ. मग बंद झाली. फर्मन दाराशी आले, एका बाहीला कोपरापर्यंत पाणी.

"पोरी, तुला यायची ना ऐकू?"

"यायची."

"जोरात?"

"नाही. बारीक."

"हो," ते म्हणाले. "बारीकच होती." आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर अजून नेवाची उशी होती.